आधी वाजणारी घंटा

वीस वर्षं कोड लिहून मी आता कंटाळलोय, पण या भाषेवर माझा जीव होता. सतत बदलणाऱ्या आकड्यांवर चालणारी भाषा, आणि नियम दोनच. जो आकडा अजून आलाच नाही तो वाचायचा नाही. होऊन गेलेला साठवून ठेवायचा नाही. नियम मोडला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. म्हणून तर आमच्या कंपनीच्या, श्वास मोजणाऱ्या पट्ट्याचा प्रोग्रॅम मी तिच्यात लिहिला आणि पहिला पट्टा बाबांच्या छातीवर बांधला. झोपेत त्यांचा श्वास अडकतो. अडकला की घंटा वाजते, ताई त्यांना हलवते आणि श्वास परत येतो.

मंगळवारी ताई म्हणाली, घंटा आधी वाजते, श्वास नंतर थांबतो. मी तिची चेष्टा केली आणि मग नोंदी काढल्या. तीन सेकंद आधी. बुधवारी चाळीस सेकंद. गुरुवारी सहा मिनिटं. घंटा एकदाही चुकली नव्हती.

कोड चार वेळा वाचला, शेवटी हात टेकले. ऑफिसातल्या साहेबांचं म्हणणं, कारणाआधी परिणाम म्हणजे दोषच, आणि सोमवारी पट्ट्याची तपासणी आहे, तेव्हा निस्तर. मीही अतिशहाणा. एक ओळ घातली: श्वास खरंच थांबेपर्यंत घंटा रोखून धर. आमच्या धंद्यात याला दुरुस्ती म्हणतात.

शुक्रवारी सकाळी ती ओळ पट्ट्यात चढवली. बाबा आंघोळीला गेले तेव्हा खात्रीसाठी पट्टा दहा मिनिटं स्वतःच्या छातीवर बांधून पाहिला. काही वाजलं नाही. बरं वाटलं.

दिवसभर घरात शांतता होती. संध्याकाळी फोनवर सहज पाहिलं, तर पट्ट्याची मेमरी भरत चाललेली. या भाषेत हे शक्यच नाही. तरी काहीतरी धरून ठेवलेलं होतं.

रोखलेल्या घंटा: दोन.

बाबा खुर्चीत बसून ताईला चिडवत होते.

"तोंड का उतरलंय रे तुझं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

मला भयंकर भीती वाटत होती. किती वेळ उरला, हे आता कळणार नव्हतं. मीच ती घंटा गप्प केली होती.

ताईला बाजूला घेऊन म्हटलं, आज बाबांजवळून हलू नकोस. तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि सावकाश वाचलं.

"सकाळी आठची बाबांची," ती म्हणाली. "मग ही नऊ वीसची कुणाची? तेव्हा तर ते आंघोळीला गेले होते."