दीपगृहाची पाच वर्षं

सोमवारी सकाळी चाळणीने खांद्यावरची पिशवी अजून खाली ठेवली नव्हती, तोच टेबलावरचा फोन खणखणला.

"खाली या. लगेच," संचालक म्हणाले. "दप्तरखान्यातल्या वह्या गेल्या."

"कुठल्या?"

"दीपगृहाच्या. तुम्ही मागितलेल्या."

ती जिन्यानेच धावली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिला एरवीही नसायचा.

चाळणी हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हे. संस्थेत पृथ्वीच्या हवामानाचं मॉडेल बांधणारे चाळीस जण होते आणि ते तपासणारी ही एकटी. तिच्या हातून खडा म्हणून सुटत नसे, त्यामुळे हे नाव पडलं आणि तिनेही ते निमूट पत्करलं.

मॉडेल म्हणजे समुद्र, वारे, ढग, बर्फ या सगळ्यांची समीकरणं मांडून संगणकात उभी केलेली अख्खी पृथ्वी. तिच्या भविष्यावर विश्वास ठेवायचा, तर आधी तिला भूतकाळ नीट सांगता यायला हवा. म्हणून मॉडेलकडून गेलं शतक पुन्हा घडवून घ्यायचं आणि लोकांनी प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी ते ताडून बघायचं. चाळणी गेली बावीस वर्षं हेच करत होती.

नवं मॉडेल बारा वर्षं खपून तयार झालं होतं. बुधवारी ते समितीपुढे जाणार होतं. सगळीकडे जुळलं, फक्त एका जागी अडलं. दूर समुद्रातल्या एका खडकावर एक दीपगृह होतं आणि तिथले लोक रोज तापमान लिहून ठेवत. त्या काळात एक मोठा ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुराने पुढची तीन वर्षं ऊन मंदावलं. मॉडेल म्हणत होतं, दीपगृहाच्या आसपास गारठा पडला. दीपगृहाच्या नोंदी म्हणत होत्या, छे, काहीच झालं नाही.

संगणकात होत्या त्या फक्त महिन्याच्या सरासऱ्या. रोजचे आकडे होते ते वह्यांमध्येच. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिने त्या तीन वर्षांच्या वह्या मागणारी चिठ्ठी पाठवली होती.

दप्तरखान्यात संचालक येरझाऱ्या घालत होते. लोखंडी कपाट उघडं होतं. कुलूप शाबूत.

चाळणीने फळीवर बोट फिरवलं. दर वर्षाची एक वही, पाठीवर वर्ष घातलेलं. तिने मोजलं.

"पाच नाहीत. मी तर तीनच मागितल्या होत्या."

"चोराने घाईत हाताला लागल्या तेवढ्या उचलल्या असतील," मागून आवाज आला. ढगमास्तर दारात उभे होते. मॉडेलमधले ढग हे त्यांचं राज्य.

चाळणीने पुन्हा कपाटात वाकून पाहिलं. वह्या गेल्या तिथे मोकळी जागा होती, पण शेजारच्या वह्या कलंडल्या नव्हत्या. त्यांना आधार म्हणून कोणीतरी लाकडाचा ठोकळा नीट बसवून ठेवला होता.

दप्तरखाना सांभाळणाऱ्या मावशी खुर्चीत बसल्या होत्या. निवृत्तीला चार महिने राहिलेले, नाकावर चष्मा, मांडीवर घट्ट गुंफलेले हात.

"मावशी, किल्ली कुठे असते?"

"माझ्या खणात. खणाला कुलूप नाही. सगळ्या इमारतीला ठाऊक आहे ते."

"वह्या शेवटच्या कधी पाहिल्यात?"

"शुक्रवारी. तुमची चिठ्ठी आली तेव्हा साडेपाच झाले होते. म्हटलं, सोमवारी काढून देऊ."

"कधी उघडून वाचल्यात?"

"मी वह्या सांभाळते. वाचत नाही."

"मला वाटतं, तिथली थर्मामीटरची पेटी उन्हात असावी. म्हणून आकडे चढे येत असतील."

"उन्हात कशी असेल? कोंबड्यांच्या खुराड्यामागे होती. दिवसभर सावली." मावशींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शनिवारी इमारतीत कोण आलं होतं, हे फाटकावरच्या नोंदवहीत होतं. नावं तिघांची: ढगमास्तर, मावशी आणि खारूताई. खारूताई ही मॉडेलचा प्रोग्राम लिहिणारी, सतत काहीतरी कुरतडत इकडून तिकडे पळणारी.

"शनिवारी कशाला आली होतीस?" चाळणीने तिला गाठलं.

"मॉडेल मध्येच बंद पडलं होतं, ते चालू करायला."

"दप्तरखान्यात गेलीस?"

"मॅडम, मी कशाला वह्या चोरू? मला तर त्या हव्या होत्या! दोन महिने कानीकपाळी ओरडतेय, मॉडेल बरोबर आहे आणि ते दीपगृह खोटं बोलतंय. वह्याच गेल्या, आता कोण ऐकणार माझं?"

ढगमास्तर त्यांच्या खोलीत पडद्यावरचा नकाशा बघत बसले होते.

"तुम्ही शनिवारी इथे होता."

"होतो. ढगांचा एक आकडा किंचित हलवून बघत होतो. तो हलवला की मॉडेल आणि दीपगृह छान जुळतात. बुधवारी तेच मांडणार."

"एका खडकासाठी अख्ख्या पृथ्वीवरचे ढग बदलायचे?"

"अगं, हजारो मैल समुद्रात मोजमाप घेणारं ते एकच ठाणं! त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणावर?"

"आणि वह्यांमधल्या नोंदी चुकीच्या निघाल्या असत्या तर?"

ढगमास्तर कसनुसं हसले. "तर चारचौघांत माझं हसं झालं असतं."

"म्हणजे वह्या गेलेल्या तुमच्या पथ्यावरच पडल्या."

"पडल्या," ते म्हणाले. "पण मी घेतल्या नाहीत."

ती टेबलाशी परतली. त्या ठाण्याच्या माहितीची फाईल एका पानाची होती. खडकाची उंची, दिव्याची उंची, पेटी जमिनीपासून किती वर. दीपगृह कधीच बंद झालेलं. संस्थेतलं कोणी तिथे गेल्याची नोंद नाही. तिने पान उलटसुलट करून पाहिलं. डोक्यात भुंगा लागला होता, पण तो नेमका कुठे बसतोय ते कळत नव्हतं. ढगमास्तरांचा तो आकडा बुधवारी मंजूर झाला, तर पुढच्या शंभर वर्षांचा अंदाज वाकडा होणार होता. आणि त्या अंदाजावर कोणी धरणं बांधणार होतं, कोणी किनाऱ्यावरची वस्ती हलवणार होतं.

संध्याकाळी घरी पोचली तर सासरे खाटेवर वही घेऊन बसलेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. पंधरा दिवस रोज रक्तदाब मोजून लिहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिने वही हातात घेतली. एकशे तीस, एकशे बत्तीस, एकशे तीस. सगळं एकाच शाईत.

"बाबा, हे आत्ता बसून लिहिलंत ना?"

"छे गं! रोजच्या रोज."

"गुरुवारी लिफ्ट बंद होती. तुम्ही सहा मजले चढून आलात, दारात धापा टाकत उभे होतात. यंत्रही तेव्हाच लावलं होतं. एकशे सत्तर आलं होतं. इथे एकशे तीसच?"

सासऱ्यांनी नजर चुकवली. "गुरुवारचं कुठे लक्षात राहतं! नेहमी असतं तेवढं लिहिलं."

चाळणीने वहीतले आकडे पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. मग म्हणाली, "बाबा, उद्या डॉक्टरांना खरं सांगा." आणि चहाही न घेता लॅपटॉप उघडून बसली. दीपगृहाच्या सरासऱ्या तिने पुन्हा काढल्या. या वेळी ज्वालामुखीच्या आधीच्या वर्षांपासून. तिथे मॉडेल आणि नोंदी जुळत होत्या, म्हणून तिकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने सगळ्यांना दप्तरखान्यात बोलावलं. संचालकांनी दार लावून घेतलं.

"खारूताईचं बरोबर होतं," ती म्हणाली. "त्या वह्यांमधले आकडे कोणी मोजलेच नाहीत. बसून रचलेत."

ढगमास्तर ताडकन उठले. "पुरावा?"

"खऱ्या हवेत कुठलेच दोन जानेवारी सारखे नसतात. इथे पाच वर्षांचे पाचही जानेवारी जवळजवळ सारखे. जूनही तसेच. रचणारा माणूस नेहमीचं लिहितो. पहिली दोन वर्षं हवाच नेहमीची होती, म्हणून खपून गेलं. तिसऱ्या वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ज्वालामुखी फुटला, आणि ते त्या खडकावर बसलेल्याला कुठून कळणार?"

"पण वह्या नेल्या कोणी?" संचालकांनी विचारलं.

"मी तीन मागितल्या, गेल्या पाच. बरोब्बर त्याच पाच. खोटेपणा दोन वर्षं आधी सुरू झाला, हे मलासुद्धा काल संध्याकाळी कळलं. नेणाऱ्याला शनिवारीच ठाऊक होतं. म्हणजे घाईत हाताला लागल्या तेवढ्या उचलल्या, हे खरं नाही. घाईतला चोर उरलेल्या वह्यांची पाठ मोडू नये म्हणून ठोकळाही लावत नाही. ते वह्यांवर जीव असणाऱ्याचं काम."

चाळणीने तो ठोकळा उचलून टेबलावर ठेवला.

"आणि पेटी कोंबड्यांच्या खुराड्यामागे होती, असं मला काल एकाच व्यक्तीने सांगितलं. फाईलमध्ये खुराड्याचा उल्लेख नाही. ते खुराडं ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्यालाच ते माहीत. मावशी, तुम्ही तिथे राहत होतात ना?"

मावशींच्या हातांची गुंफण सुटली. त्या सावकाश उठल्या, कोऱ्या फॉर्मांच्या खोक्यापाशी गेल्या आणि वरचे दोन गठ्ठे बाजूला केले. खाली पाच वह्या होत्या, स्वच्छ फडक्यात बांधलेल्या.

"घरी नेणार होते. जाळणार होते," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत गेले. पण वही इमारतीबाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम मीच तीस वर्षं पाळलाय. पाय उचलेना."

"दीपगृहावर कोण होतं तुमचं?"

"वडील. आई मी लहान असतानाच गेली. मग आम्ही दोघंच. वडिलांची नजर जात चालली होती. दिवा ते हातांच्या सवयीने लावायचे, पण थर्मामीटरची रेघ दिसेना. म्हणून मी वाचायची आणि मीच लिहायची. बारा वर्षांची होते. एका वादळात पेटीच उडाली, समुद्रात गेली. सांगितलं असतं तर नवी घेऊन माणूस आला असता. त्याने वडिलांचे डोळे पाहिले असते. नोकरी गेली असती आणि डोक्यावरचं छप्परही."

"मग?" खारूताईने हळूच विचारलं.

"मग मी रोज बाहेर जायची, पेटी होती तिथे थोडा वेळ उभी राहायची आणि आत येऊन आकडा सांगायची. मागच्या वर्षीचं बघून, थोडं इकडेतिकडे करून. वडील विचारायचे, नीट वाचलंस ना? मी म्हणायची, हो. पाच वर्षं. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, एकही दिवस नोंद चुकली नाही म्हणून. मरेपर्यंत भिंतीवर होतं."

ढगमास्तरांनी एक वही उघडली. पानभर गोल, जपून काढलेलं पोरवयातलं अक्षर. त्यांनी ती तितक्याच हलक्या हाताने मिटली. "मी तो आकडा पूर्ववत करतो," ते खारूताईला म्हणाले. "चल, आत्ताच बसू. उद्याच्या आत सगळं परत चालवायचंय."

"मॉडेल जिंकलं म्हणायचं का?" संचालकांनी विचारलं.

"नाही," चाळणी म्हणाली. "त्या समुद्रात त्या पाच वर्षांत काय होतं, हे आता कोणालाच ठाऊक नाही. अहवालात तसंच लिहायचं."

तिने दुरुस्तीचा फॉर्म मावशींपुढे ठेवला. पेनाचं टोपण काढून दिलं. मावशींनी रकाने एकेक करून भरले. वर्षं पाच. कारण: थर्मामीटर नव्हते, आकडे रचलेले. निरीक्षकाच्या नावापाशी त्या थांबल्या. तिथे त्यांच्या वडिलांचं नाव आधीच छापलेलं होतं.

"हे खोडू?" त्यांनी विचारलं.

"खोडलंत तर त्या पाच वर्षांतून ते पूर्णपणे जातील, मावशी."

"जाऊ देत," मावशी म्हणाल्या. "त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नाही."

त्यांनी पट्टी घेतली, वडिलांच्या नावावर सरळ रेघ ओढली आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं.