अडतीस मीटर

सुनावणीला आठ दिवस उरले होते आणि नकाशात एकच माप कमी होतं. तासाभराचं काम. मोजणीबाई आणि तिचे धाकटे दीर भर दुपारी, जेवण उरकून, टेकडी चढले.

बाई नकाशा कचेरीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी गुहा मोजत हिंडायचं हे तिचं वेड. भाऊजी लोखंडी दारं-जाळ्या बनवणारे. अंगाने असे काडीसारखे, की कुठल्याही फटीत शिरत. त्यामुळे टेपचं टोक धरून पुढे सरकायचं काम त्यांचं, आणि मागे रीळ धरून आकडा वाचायचं हिचं. टेपला दोन हिसके आले, की वाचायचं आणि लिहायचं.

टेकडीच्या पलीकडे दगडखाण होती. खाणवाल्यांना आणखी आत सुरुंग लावायचे होते. बाई म्हणे, गुहा खाणीच्या हद्दीखाली गेलेली आहे. सुरुंग उडाला तर छत खाली येईल, आणि छताला लटकलेली हजारो वटवाघळं पोटाशी धरलेल्या पिल्लांसकट त्याखाली जातील. पण जुना नकाशा तिच्या विरुद्ध होता. त्यात शेवटच्या बोळापुढे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘बारा मीटर. पुढे भिंत.’ तरी त्या बोळातून वारा यायचा. भिंतीतून वारा येतो कसा, एवढंच तिला बघायचं होतं.

आत शिरल्यावर दहा पावलांत ऊन मागे राहिलं. ओल्या चुन्याचा वास, त्यात वटवाघळांचा उग्र, उबदार वास. कुठेतरी थेंब पडत होता, आणि दुसरा पडेपर्यंत पहिल्याचा आवाज हवेत तरंगत राहत होता. मोठ्या दालनात पिल्लं बिचकू नयेत म्हणून दोघं कुजबुजतच बोलत. बोळाच्या तोंडाशी भाऊजींनी टेपचं टोक खाली ठेवलं. बाईने दिवा मालवला आणि ती भिंतीला टेकून बसली. वर हजारो इवले जीव एकमेकांना चिकटून झोपेत हलत होते. तिला वाटलं, आपण एका फार मोठ्या जनावराच्या कुशीत बसलो आहोत. डोळे मिटले काय, उघडे काय, सारखंच.

“जाऊन येतो, वहिनी,” भाऊजी कानाशी कुजबुजले.

“या,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने रीळ फिरू लागलं. टेप बोटांतून सावकाश, एकसारखा सरकत होता. तिने अंगठ्याने खुणा चाचपल्या. पाच. आठ. बारा. आता थांबेल, असं तिला वाटलं. टेप थांबला नाही.

वीस. सत्तावीस. तिला आनंदच झाला. भिंत नव्हतीच तर. पण त्या आनंदालाही झोपेची गुंगी होती. फक्त एक गोष्ट खटकत होती. भाऊजी सरपटताना नेहमी धापा टाकत, दगडाला शिव्या घालत. आज काहीच ऐकू येत नव्हतं.

टेप थांबला. दोन हिसके आले.

तिने रुमालाआड दिवा लावून आकडा बघितला. “अडतीस,” ती बोळात तोंड घालून हळूच म्हणाली.

“लिही...” आतून आवाज आला.

तिचा हात वहीवर थबकला. पंधरा वर्षांत भाऊजींनी तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

“भाऊजी...?”

“काय, वहिनी?” उत्तर पाठीमागून आलं.

भाऊजी दालनाच्या दारातून आत येत होते. कपाळावरचा दिवा आता लख्ख, केसांना उन्हातला फुफाटा. “बाहेर जाऊन सेल बदलले. जाऊन येतो म्हणालो की.”

“अडतीस झाले,” एवढं सांगून तिने टेप गुंडाळायला घेतला. तो अगदी हलका, लोकरीच्या धाग्यासारखा परत आला. टोकाला पाणी लागलं होतं, बर्फासारखं गार. मग भाऊजी दिवा घेऊन बोळात शिरले आणि लगेच परतले. “बारा मीटर. पुढे भिंत. बोटसुद्धा जाणार नाही.” त्यांनी तिची उघडी वही मिटली. “वहिनी, लिहू नका ते.”

तीन दिवस तिने लिहिलं नाही. ज्याचं टोक कुणी बघितलं नाही असा आकडा आजवर तिने कागदावर उतरवला नव्हता. पण चौथ्या रात्री तिला स्वप्नात वरची ती हालचाल दिसली, पोटाशी बिलगलेली पिल्लं दिसली, आणि सकाळी तिने शाईने लिहिलं: ‘अडतीस मीटर. टोक पाहिलेले नाही.’

सुनावणीत खाणवाले हसले. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई हसल्या नाहीत. त्यांनी हद्दीजवळ, बाईने नकाशात दाखवलेल्या जागी, वरून भोक पाडून बघायला लावलं. ड्रिल बराच वेळ दगड खात राहिलं आणि अचानक पोकळीत पडलं. खाली सोडलेल्या कॅमेऱ्यात काळं, निश्चल पाणी दिसलं, आणि त्यात नखाएवढ्या, पांढऱ्या, डोळे नसलेल्या कोळंब्या. चारी बाजूंना सलग दगड. वाट कुठेच नव्हती. भोक बुजवलं गेलं, सुरुंगांना कायमची बंदी आली.

गुहेच्या तोंडाला जाळी भाऊजींनीच केली, वटवाघळं जातील-येतील एवढ्या आडव्या फटी ठेवून. ती बसवताना ते एकेक गज दोनदा हलवून बघत होते.

“बाहेरून कोण एवढा जोर लावणार आहे?” बाईने हसत विचारलं.

ते हसले नाहीत. हातोडा खाली ठेवून तिथल्याच एका दगडावर बसले.

“त्या दिवशी मी बाहेर सेल बदलत होतो ना, तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. तुमचाच आवाज. पण गुहेच्या तोंडातून नाही... माझ्या पायाखालून.”

“मी नाही मारली.”

“ते आता कळतंय.”

“काय म्हणाला तो आवाज?”

“विचारलं, ‘बाहेर यायला अजून किती आहे?’”

बाई जाळीपासून एक पाऊल मागे सरकली. “आणि तुम्ही?”

“मला वाटलं, तुम्हीच,” भाऊजी म्हणाले. “मी म्हटलं, थोडंच राहिलंय... या.”