दिवेलागणीला किलीन

आयर्लंडमधल्या गावांच्या नावांचे अर्थ जपानमधल्या सेंदाईत बसून कोण कशाला लिहील? पण जपानी पर्यटकांसाठी नकाशे करणाऱ्या एका कंपनीला ते हवे होते, आणि कस्तुरीला घरबसल्या काम हवं होतं. रिकामं घर खायला उठायचं. बाळ नऊ दिवसांचं असताना गेलं, त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. बाराव्या दिवशी बारसं ठरलेलं, आत्याने पुण्याहून तिकीट काढलेलं. कानात नाव सांगायचं राहिलं ते राहिलंच. तिचा नवरा प्रसन्न त्यानंतर बाळाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

कामाची रीत सोपी. तिकडच्या म्हाताऱ्या नोराबाई व्हिडिओ कॉलवर नाव उच्चारायच्या, अर्थ सांगायच्या. कस्तुरीने ते तीनदा म्हणून रेकॉर्ड करायचं. डेरी म्हणजे ओकची राई, नॉक म्हणजे टेकडी. आपलं वडगाव-पिंपळगाव तरी दुसरं काय, असं वाटून तिला गंमत यायची.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी यादीत किलीन आलं. नोराबाईंच्या खिडकीत सकाळचं ऊन होतं. इथे अंधारून येत होतं.

"किलीन... म्हणजे छोटं चर्च. पण आमच्याकडे त्या नावाचं एक शेत आहे. नाव ठेवायच्या आधी गेलेली पोरं तिथे पुरायचे. सूर्य बुडाल्यावर बाप एकटाच जायचा."

कस्तुरी सवयीने म्हणून गेली, "किलीन. किलीन. किलीन."

"थांब! तुझ्याकडे वाजले किती?"

"सव्वापाच..."

"अगं, दिवेलागणीला ते नाव घेत नाहीत. पोरं ओ देतात."

आतल्या खोलीत पाळण्याची कडी करकरली. पाळणा तर त्यांनी केव्हाच देऊन टाकला होता. दुधाचा आंबूस वास आला. खरं तर तिने घाबरायला हवं होतं, पण तिला आनंदाने रडू फुटलं.

नोराबाई तिच्या खांद्यामागे बघत होत्या.

"नावाने हाक मार त्याला... नाव मिळालं की जातात ती. थांबत नाहीत."

अद्वय. वर्षभर कुणाला न सांगितलेलं ते नाव तिच्या अगदी ओठांवर आलं. एकदा उच्चारलं की तो सुटणार होता, आणि घर पुन्हा रिकामं होणार होतं.

तिने ओठ घट्ट मिटले आणि लॅपटॉप बंद केला.

आठ वाजता कुलपात किल्ली फिरली. जपान्यांसारखं "तादाइमा!" म्हणत घरात शिरायची प्रसन्नला सवय होती; आल्याची वर्दी सगळ्या मजल्याला मिळायची. आज त्याने दारात बूट अलगद काढले. आतल्या खोलीकडे बघत तो दबक्या आवाजात म्हणाला,

"झोपला का गं?"