भुजंगाची सावड

सन १९९८, आषाढाचा वद्य पक्ष. केदारखेड्याचा रखमाजी आणि त्याची बायको तुळजाबाई रक्ताचा कागद आणायला जालन्याला गेले. रखमाजीच्या स्वादुपिंडात गाठ होती. गाठ रक्तात जे प्रथिन सोडते, त्याचा आकडा नऊशे चाळीस आला होता.

"इतक्या आकड्यावर दसरा दिसणं कठीण," डॉक्टर तुळजाबाईला हळूच म्हणाले.

रखमाजीनं ऐकलंच. "मी इतक्यात जात न्हाई. भुजंगाची सावड बाकी हाय."

सावड म्हणजे एकानं दुसऱ्याच्या रानात बैलं घेऊन दिवसभर राबायचं आणि दुसऱ्यानं तो दिवस परत करायचा. मागल्या आश्विनात गावातल्या भुजंगानं रखमाजीची ज्वारी पेरून दिली. दुसऱ्या दिवशी भुजंगाच्या रानाची पाळी होती. पहाटेच त्याला साप डसला आणि तो गेला. मागं कुणी नव्हतं. रान पडीक राहिलं.

श्रावणात आकडा पाचशेवर आला, भादव्यात नव्वदवर. डॉक्टरांनी रक्त पुन्हा काढून बघितलं. तेवढाच.

"औषध लागू पडून राह्यलं," तुळजाबाई हरखली.

"औषध न्हाई, भुजंग. रोज दिवेलागणीला वट्यावर येऊन बसतो. रानात कधी येतो, म्हून मला इचारतो. मी म्हणतो, दम धर, आश्विन येऊ दे."

वट्यावर रोज त्याच वेळी नांगरटीचा वास यायचा, तो तुळजाबाईनंही घेतला होता.

"मंग जाऊच नका..." ती कुजबुजली. "सावड हाय तवर तो तुमाला मरू देत न्हाई..."

"अन् मी लबाड ठरू? बिलकुल न्हाई."

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं भुजंगाच्या रानात पेरणीची तिफण जुंपली. दुपारी तुळजाबाई भाकरी घेऊन बांधावर आली आणि जागीच थांबली. रखमाजीचे दोन्ही हात कासऱ्यावर होते. चाड्यावर मूठ धरून बी सोडायला कुणी नव्हतं. तरी तिफणीमागं उमटणाऱ्या तिन्ही तासांत दाणा बराबर पडत होता.

"अहो... बी कोण सोडून राह्यलंय?"

"ज्याचं रान तो. दुसऱ्याची मूठ त्याला कधी पटली व्हय?" रखमाजी हसला. "तू जा घरी."

दिवस मावळायला बैलं एकटीच घरी आली. तुळजाबाई रानाकडं पळाली. सगळं रान पेरून झालं होतं. शेवटच्या तासाच्या टोकाला रखमाजी बसल्या जागी गार पडला होता, पायांत वहाणा तशाच. त्याच्यापासून पुढं भुसभुशीत मातीत दोघांची अनवाणी पावलं उमटली होती. ती बांध ओलांडून गेली होती. एकाच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. रखमाजीलाही नव्हती.

सावड फिटली होती.