समासातलं पुणं

हातात चकल्यांचा डबा घेऊन मी चुकीच्या चर्चच्या तळघरात उतरले, तेव्हा बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि आत एक मुलगा भल्यामोठ्या खोक्यात डोकं घालून बसला होता.

मराठी मंडळाची दिवाळी कुठल्याशा चर्चच्या हॉलमध्ये आहे, एवढंच मला ठाऊक होतं. अमेरिकेतल्या वूस्टरजवळच्या त्या रस्त्यावर चर्चेस मात्र एकापुढे एक. "अगं बाई, हे कुठं आले मी?" मी स्वतःशीच पुटपुटले. एकटं राहिलं की माणूस स्वतःशी बोलायला लागतो. त्या वर्षी तर मी मायक्रोवेव्हशीसुद्धा बोलायचे.

"तुम्ही पुढच्या सिग्नलच्या चर्चला जायला हवं होतं," खोक्यातून चक्क मराठी आवाज आला. मग डोकं बाहेर आलं. विस्कटलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, आणि नजर थेट माझ्या डब्यावर.

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"मी बरोबर जागी आलोय. आजी शोधतोय."

"तळघरात?"

"जर्मनीत." तो हसला. "मी सिद्धेश. पुण्याचा. इथे पीएचडी करतोय... निदान आईला तरी तसंच सांगितलंय."

"अहिल्या. नागपूर. श्रूजबरीला जॉब आहे."

"अहिल्या," त्याने हळूच म्हणून पाहिलं. नाव सुटं, स्वच्छ, 'ल्या'सकट. मला उगाचच भरून आलं. ऑफिसात मी 'ॲली' होते. पहिल्याच दिवशी मॅनेजरची जीभ अडखळली आणि मीच म्हटलं, चालेल. फोनवर आई 'बाळा' म्हणायची. माझं अख्खं नाव कुणाच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले होते, कुणास ठाऊक.

ती मंडळाची दिवाळी माझ्याविनाच पार पडली.

ते तळघर मॉर्मन चर्चचं होतं. कुणीही यावं आणि आपले पूर्वज शोधावेत, अशी तिथली सोय. जर्मनीतल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या नोंदी, म्हणजे बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, सगळ्यांच्या फिल्म्स त्यांच्या युटातल्या संग्रहातून मागवायच्या आणि त्या खोक्यासारख्या यंत्रात घालून पाहायच्या. राखणीला मिसेस कीन नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई बसत. त्यांचं विणकाम आणि कान, दोन्ही सतत चालू.

सिद्धेशच्या आजीची गोष्ट ऐकून मी चकलीच खाली ठेवली. आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीला गेले आणि येताना बायको घेऊन आले. पुण्यात पुन्हा विधिवत लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने नाव लिहिलं... मालिनी. त्या दिवसापासून ती मालिनी. मग लढाई लागली, इंग्रज सरकार जर्मन माणसं पकडायला लागलं आणि घाबरलेल्या आजोबांनी तिचे कागद चुलीत घातले.

"बाबांनी एकदा विचारलं होतं तिला," सिद्धेश म्हणाला. "तर म्हणाली, ती मुलगी बोटीवरच राहिली. तिला कशाला उठवता? आता बाबांची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, आईचं खरं नाव शोध रे, जमलं तर. माझ्याकडे फक्त गावाचं नाव आहे आणि तिचं अंदाजे वय."

"मला जर्मन येतं," मी ऐटीत म्हटलं. पुण्यात असताना तीन परीक्षा दिल्या होत्या मी. त्याने खुर्ची पुढे केली. मी खोक्यात डोकं घातलं आणि... गार पडले. अक्षरं कसली, कंगव्याचे दातेच नुसते!

"हे जर्मन नाहीये! ही तर मोडी आहे!"

"तीन परीक्षा ना?" तो इतका खळखळून हसला की मिसेस कीननी विणता विणता वर पाहिलं.

हट्टाने ती जुनी लिपी मी शिकले. मिसेस कीननी एक तक्ता दिला. तो मी फ्रीजवर लावला आणि भात शिजेपर्यंत अक्षरं गिरवत राहिले.

आधी आम्ही फसलो ते बोटींमध्ये. "न्यूयॉर्कला कधी उतरली?" असं मिसेस कीन पुन्हा पुन्हा विचारत. इथे येणाऱ्या सगळ्यांचे जर्मन अमेरिकेलाच आलेले. आम्हीही भोळ्यासारखे हॅम्बुर्ग बंदरातल्या प्रवाशांच्या याद्या चाळत बसलो. शेवटी सिद्धेशला आठवलं, की आजोबा नेहमी इटलीतल्या जिनोआची गोष्ट सांगायचे. बोट तिथून सुटली होती, आणि तीही मुंबईला! मग मुकाट्याने गावाच्या चर्चकडे वळलो. बाप्तिस्म्यांची फिल्म मागवली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दर शनिवारी मी वाचायचे, तो वहीत टिपून घ्यायचा.

मॉर्मन लोकांना चहा-कॉफी वर्ज्य, त्यामुळे आत ती चालत नसे. म्हणून मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्या खटारा कोरोलात बसायचो. काचेवर बर्फ भुरभुरायचा, थर्मासमधून आल्याचा वास यायचा.

"तुम्ही साखर..."

"तू म्हण यार, अहिल्या. तुम्ही म्हटलं की मला सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यासारखं वाटतं."

"बरं. तू साखर जास्त खातोस."

"आणि तू कमी बोलतेस. आठवडाभर काय करतेस गं?"

काय सांगणार? रविवारी कपडे धुते. सोमवार ते शुक्रवार ॲली असते. संध्याकाळी शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीतून ऐकते, म्हणजे कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं. "टाइमपास," मी म्हटलं आणि चहात तोंड लपवलं. कप घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... त्याने ती जरा उशिराच काढली. का मलाच तसं वाटलं?

मी त्याच्या प्रेमात पडले होते. आणि मला भीती वाटत होती ती आजी सापडण्याची. आजी सापडली, की शनिवार संपले. मग मला अहिल्या कोण म्हणणार?

फेब्रुवारीत आमचं प्रोजेक्ट गुंडाळलं. कंपनीने सांगितलं, व्हर्जिनियात हर्नडनला जागा आहे, नाहीतर भारताचं तिकीट काढा. व्हिसावरच्या माणसाला यात निवडायला काय असतं? सोमवारी हो म्हणायचं होतं. सिद्धेशला मी काहीच सांगितलं नाही. त्याच्या तोंडून 'अरे वा, छान' ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्या शनिवारी गारांचा पाऊस होता. वरच्या चिंचोळ्या खिडकीवर तडतड चालली होती. मी फिल्म फिरवत होते आणि एका पानावर हात थांबला. मुलीचं नाव आना कॅथरिना लुईझे, वडील चांभार. तीन नावांतल्या 'लुईझे'खाली रेघ होती. हाक मारायच्या नावाखाली तिथे रेघ ओढत. आणि बाजूच्या समासात, खूप वर्षांनी दुसऱ्याच कुणी लिहिलेली एक ओळ. विवाह... आणि पुढे परक्या गावाचं नाव असल्यामुळे साध्या, सरळ अक्षरांत: Poona.

माझा हात यंत्राच्या दांड्यावर होता. नुसता फिरवला असता तर पान पुढे गेलं असतं. त्याला कळलंही नसतं. निदान आजचा दिवस तरी...

पण ते बाबा? आईचं नाव ऐकायला थांबलेले?

"सिद्धेश," मी म्हटलं. "सापडली."

तो उठलाच नाही. धावत आला नाही, ओरडला नाही. वहीतलं पेन तेवढं खाली ठेवलं.

"समासात पुणं आहे ना?" तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुला माहीत होतं?"

"जानेवारीपासून. तू गाडीत चहा ओतायला गेलीस. मी सहज फिल्म पुढे फिरवली... ती लिपी मला कुठे येते? पण Poona तर कुणालाही वाचता येईल. नाव मिसेस कीननी वाचून दिलं. बाबांना त्याच दिवशी फोन केला. खूप रडले."

"आणि मी? मी इथे डोळे फोडून चांभार आणि गवंडी वाचत बसले! आपण शोधतच होतो?"

"तू शोधत होतीस," तो अगदी हळू म्हणाला. "मी फिल्मची मुदत वाढवून घेत होतो. सापडली म्हटलं की तू यायची बंद झाली असतीस. माझ्या शनिवारी दुसरं काय आहे गं, अहिल्या? बाबा दर रविवारी विचारतात, आईचं कळलं रे, पण त्या मुलीला सांगितलंस का?"

मिसेस कीनच्या सुया थांबल्या होत्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण त्या डोळे पुसत होत्या.

मला त्याचा राग आला होता. खूप आला होता. तरी मी रडायला लागले ते रागाने नव्हे.

"मी हर्नडनला जातेय. पंधरा तारखेला. मीही सांगितलं नव्हतं."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"किती लांब आहे?"

"गाडीने आठेक तास. तुझ्या कोरोलाला दहा."

"शनिवार असतो ना तिथे?"

मी हसले, रडता रडताच. त्याने खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढली आणि आम्ही दोघांनी त्या खोक्यात डोकी घातली. आत अंधार होता, गाल गालाला लागत होता आणि समोर ती बोटीवर राहून गेलेली मुलगी उजळून निघाली होती.

"वाच ना एकदा," तो म्हणाला. "मोठ्याने."

"आना कॅथरिना लुईझे," मी वाचलं. तिच्या माघारी किती वर्षांनी कुणी तिला हाक मारली असेल!

"आमच्या घरी अजून लग्नात ताटात तांदूळ पसरतात," तो म्हणाला. "मला अंगठीने एक नाव लिहायचंय. आधीच सांगून ठेवतो... नाहीतर आत्या वगैरे काहीतरी सुचवतील."

"कुठलं नाव?"

"अहिल्या," तो म्हणाला. "आहे तेच."