न वाचलेले तीन तक्ते

लिफ्टचं दार बंद होता होता चिमी आत घुसली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "चौथा दाबता का जरा?"

कोपऱ्यात पांढरी काठी घेऊन उभ्या असलेल्या तरुणाने बटणं चाचपून बरोबर चौथं दाबलं. मग मान तिरकी करून म्हणाला, "पुन्हा बोला ना काहीतरी... तुम्ही कधी 'स्नायू आणि सांधे' वाचलंय का हो? म्हणजे — मोठ्याने, माइकपुढे?"

झालं. चिमीने पटकन दाराकडे तोंड फिरवलं.

तोंड का फिरवलं ते आधी सांगायला हवं. चिमी घरात धाकटी. पहिली नोकरी सुटली आणि बाईसाहेब आठ महिने घरी बसल्या. ताईने डोकं खाल्लं की नुसती लोळू नकोस, ऑनलाइन स्वयंसेवा कर, मधल्या काळात काय केलंस असं मुलाखतीत विचारतातच. एक संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करून घ्यायची. चिमीने कपाटात रजया कोंबल्या, त्यात माइक मांडला आणि वाचायला लागली. दहा धडे अगदी मन लावून वाचले, खोटं कशाला बोला. अकराव्या धड्यात मात्र हाताच्या नसांचे तीन लांबलचक तक्ते आले. तक्ता ओळ न् ओळ वाचायचा, असा संस्थेचा नियम. पण पुस्तक संपल्याशिवाय प्रमाणपत्र नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. तक्ते कोण ऐकत बसतंय, म्हणत तिने पानं उलटली, पुढचे धडे भरभर संपवले आणि संस्थेच्या फॉर्मवर 'तक्त्यांसह पूर्ण वाचले' या चौकोनात बिनदिक्कत खूण केली.

ते प्रमाणपत्र बघूनच तिला नोकरी मिळाली. ऑनलाइन धडे बनवणाऱ्या कंपनीत, आवाज द्यायची. चिकाटी आहे असं सगळेच सांगतात, तुझ्याकडे पुरावा आहे, असं मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या. तेव्हा चिमी चक्क हसली होती. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

"वाचलंय," ती लिफ्टमध्ये पुटपुटली. "तुमचा मजला कुठला?"

"दुसरा. तुमचा आवाज ऐकून दाबायचाच राहिला, गेला मागे."

"अहो, मग?"

"जाऊ दे की. तुम्ही इतके महिने माझ्या कानात होता, दोन मजल्यांनी काय होतंय?"

तो दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालेला फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्या दिवसापासून अकराच्या सुमाराला जिन्यातल्या खिडकीपाशी दोघांची कॉफी सुरू झाली. ठरवलं कोणीच नव्हतं, पण चुकत मात्र नव्हती. तो तिला चिडवायचा... पाचव्या धड्यातली सर्दी बरी झाली का, 'मनगट' म्हणायच्या आधी अजून श्वास घेता का. तिचा रिकामा कप तो हातातून काढून घ्यायचा तेव्हा बोटांना बोटं लागायची, आणि चिमीला घाईघाईने खिडकीबाहेर बघावं लागायचं. त्याला काही दिसत नव्हतं, तरी.

एकदा असंच हसत हसत तो सांगून गेला की पहिल्या वेळी तो तोंडी परीक्षेत नापास झाला होता. हाताच्या नसा विचारल्या. हे पुस्तकात नाहीच, असं त्याने ठणकावून सांगितलं. परीक्षक हसले. पुस्तकात तीन अख्खे तक्ते आहेत म्हणाले. आधी त्याला वाटलं, रेकॉर्डिंगमध्येच राहिलं असेल. पण संस्थेला विचारलं तर फॉर्मवर पूर्ण वाचल्याची खूण होती, आणि इतका जीव लावून वाचणारी बाई खोटं कशाला लिहील? बसच्या गोंगाटात आपलंच ऐकायचं निसटलं असणार. मग मित्राकडून वाचून घेतलं आणि पुढच्या वर्षी पास झाला.

चिमीने कॉफीचा कप खाली ठेवला. "झालात ना शेवटी पास," एवढंच ती म्हणाली. तक्ते गाळले याच्यापेक्षा या चार शब्दांची तिला जास्त लाज वाटली. त्या दिवशी घरी आरशासमोर तिने केससुद्धा विंचरले नाहीत.

त्यातच मॅडमनी तिला आवाज विभागाची प्रमुख करायचं ठरवलं. गुरुवारी सगळ्यांसमोर तिच्या स्वयंसेवेचं कौतुक होणार होतं, आणि बोलायला बोलावलं होतं कोणाला? तिचं पुस्तक ऐकलेला विद्यार्थी म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या त्यालाच. तो खुशीने तयार झाला होता, भाषणही पाठ करत होता.

बुधवारी चिमीने त्याला खिडकीपाशी गाठलं.

"ते तक्ते... तुमच्याकडून निसटले नव्हते. मी वाचलेच नव्हते. खूण खोटी होती."

त्याने कप खिडकीत ठेवला.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि वर्षभर मला वाटत होती, तिचं काय?" तो हळूच म्हणाला. "घरी सगळ्यांना सांगत होतो मी, की मीच मठ्ठ आहे."

कॉफी तशीच ठेवून तो जिना उतरून गेला. काठीचा आवाज थांबेपर्यंत ती जागची हलली नाही. मग वर जाऊन तिने मॅडमना सगळं सांगितलं. नोकरी राहिली, प्रमुखपद दुसरीला गेलं. संस्थेलाही तिने पत्र लिहिलं. त्यांनी प्रमाणपत्र रद्द केलं आणि कळवलं, धडा पुन्हा वाचायचा असेल तर वाचा, पण तपासनीस ऑनलाइन हजर राहील.

रविवारी दुपारी ती रजयांच्या कपाटात बसली. कानात आवाज आला, "सुरू करा." त्याचाच. तोही आता तिथे स्वयंसेवक होता.

तिने पुस्तक उघडलं. तिन्ही तक्ते वाचून काढले.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "पण यादीत तुमचं नाव ऐकलं आणि हे काम मी मागून घेतलं. सकाळपासून वाट बघत बसलो होतो... याला काय म्हणायचं?"

"मला माहीत आहे. पण म्हणायची हिंमत नाही."

"मग राहू दे. ते तक्ते आता पाठ आहेत मला. दुसऱ्या तक्त्यातली सातवी ओळ गाळलीस, ती आधी वाच."

ती रडता रडता हसली. सातवी ओळ वाचली, नीट, सावकाश. मग श्वास घेऊन म्हणाली, "तुम्ही मला आवडता. फार."



"रेकॉर्डिंग चालू आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"संस्थेकडे पाठवताना तेवढं कापावं लागेल..." तो जरासा थांबला. "मूळ प्रत मी माझ्याकडे ठेवतो."