बर्फ कारखान्यातला व्हॉल्व्ह

"ताई, लवकर या. व्हॉल्व्ह गेला!"

रखवालदार गुणाजीचा फोन आला तेव्हा हेमांगी शाळेत प्रयोगवह्या तपासत होती. तिने शांतपणे पेनाला टोपण लावलं आणि निघाली. घाबरायला हवं होतं खरं, पण आई गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

काशीदच्या पुढचा बर्फ कारखाना बारा वर्षं बंद होता. आता तिथे विज्ञान संग्रहालय होत होतं, आणि देखरेख हेमांगीकडे होती. बारा वर्षांपूर्वी याच कारखान्यात अमोनिया गळून तिचे वडील हरेश्वर गेले. चौकशीत ठरलं, व्हॉल्व्ह त्यांनीच उघडा टाकला. उद्या भिंतीवरच्या फलकावर तेच रंगवलं जाणार होतं. तिने एवढंच मागितलं होतं: आधी तो गंजून जाम झालेला व्हॉल्व्ह इंजिनिअरने कापून बघावा. आज दुपारी कापायचा होता, आणि सकाळीच तो गायब!

"यानेच भंगारात घातला असणार," ठेकेदार सुजितने गुणाजीकडे बोट दाखवलं.

"आणि तांब्याच्या तारा सोडून बिडाचा तुकडा नेला? एवढा खुळा चोर?" हेमांगीने विचारलं.

नळीपाशी चार नट ओळीने मांडलेले होते. खाली एक फडकं पडलं होतं, ओलं, मागे गाठ मारलेलं.

"घाम पुसला असेल," सुजित म्हणाला.

"घाम पुसायला गाठ कशाला? गुणाजी, सकाळी कोण आलं होतं?"

"सुजितशेठ, न येसाजीकाका. यंत्रं पुसाया रोज येतात ना."

"तू अमोनियावर काम केलंयस कधी?"

"न्हाय ताई. मी मिठागरावरचा. मला काय ठावं?"

"आणि तुम्ही, सुजित?"

"छे! आणि नळ्या रिकाम्याच आहेत. मीच तपासून घेतल्यात."

येसाजी कारखान्याचा जुना फिटर, वडिलांचा जोडीदार. तो धक्क्याला लावलेल्या होडीत जाळं सांधत बसला होता.

"काका, व्हॉल्व्ह तुम्ही काढलात."

"मी? कशावरून गं पोरी?"

"खोलण्याआधी तुम्ही तोंडाला ओलं फडकं बांधलंत. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून बर्फवाले तसं करतात. गुणाजीला ते माहीतच नाही. सुजितला नळ्या रिकाम्या असल्याची खात्री, तो कशाला बांधेल? रिकाम्या आहेत हे तुम्हालाही ठाऊक होतं. पण तीस वर्षांची सवय. जित्याची खोड, काका. नटही ओळीने मांडलेत, फिटरच्या हाताने."

येसाजीने जाळं बाजूला केलं. खाली व्हॉल्व्ह होता.

"बुडवाया निघालो व्हतो. हात धजला न्हाय," तो पुटपुटला. "हरेश्वरनं ह्यो घट्ट बंद केला व्हता. वायू गळला तो दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, त्या दोरीच्या वेढ्यातून. ते पॅकिंग मी बदललंच न्हवतं, बदललं म्हणून सांगितलं. कापला असता तर सगळं दिसलं असतं."

हेमांगीला वाटलं, आता राग येईल, निदान रडू तरी येईल. काहीच आलं नाही.

"मी समद्यांम्होरं सांगतो. फलक बदल, पोरी."

"फलक बदलेलच. पण काका, आई बारा वर्षं कोळीवाड्यात मान खाली घालून जगली. तिला खांदा द्यायला तुम्ही सगळ्यांत पुढे होतात. ती होती तेव्हा एकदा, फक्त तिच्या कानात सांगायचं होतंत."

येसाजी हमसून हमसून रडू लागला. हेमांगी कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. मग तिने इंजिनिअरला फोन लावला.